‘फरशी पूस’ : कर्ता कोण?

लोणावळा स्टेशनाबाहेर घेतलेलं एक पातळ पुस्तक माझ्यासमोर आहे. इंग्रजी बोलायला शिकवणारं. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी. त्यातला ‘घराची सफाई’ हा धडा मी तीनदा वाचला. दोस्तांनो, आपण कथा-कवितेची समीक्षा करतो. मग असल्या पुस्तकाची का नाही? आपल्या वस्तीत कवितासंग्रहाआधी हेच पोचतं.

लोहगडवाडीतली माझी चुलती लोणावळ्याच्या बंगल्यांवर कामाला जाते. मॉप, बकेट, डस्टिंग, वायपर हे शब्द तिला पाठ आहेत. सगळे हुकुमातून शिकलेले. धड्यातही तेच : ‘स्वीप द रूम.’ ‘मॉप द फ्लोअर.’ ‘वाइप द टेबल.’ वीस वाक्यं, वीस हुकूम. हुकुमाच्या वाक्यात कर्ता दिसत नाही, व्याकरण त्याला अध्याहृत म्हणतं. म्हणजे ज्याचे हात राबतात तोच वाक्यातून गायब. त्याच्या तोंडी सगळ्या धड्यात एकच वाक्य : ‘येस मॅडम.’

आता उजवी बाजू बघा. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण असा भेद नाही. ‘मॉप द फ्लोअर’चं मराठी ‘फरशी पुसा’ असंही होतं. पुस्तकात आहे ‘फरशी पूस’. त्याच पुस्तकात बँकेच्या धड्यात ‘साइन हिअर’चं मराठी मात्र ‘इथे सही करा’! इंग्रजीत नसलेला हा ‘तू’ आला कुठनं? तो आपल्या मराठीनं घातला. वाक्य परकं, जात घरची.

मराठीचे शब्द तरी कुठं सोवळे आहेत? शिंदीच्या पानांची केरसुणी मांगांनी वळायची. दिवाळीत तिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू, आणि वळणारा हात वेशीबाहेर. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधायला लावत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलंय.

आता ‘हाउसकीपिंग’ हा नवा शब्द आलाय. आमच्या मिलमधल्या झाडूवाल्याच्या सदऱ्यावर तो छापलाय. शब्द धुऊन निघाला, पण हातमोजे काही आले नाहीत. नाव बदलल्याचा आनंद मानू, पण नावावर गप्प बसू नये.

म्हणून इंग्रजी फेकून द्यायची का? मुळीच नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’तच इंग्रजी शिकायचा आग्रह धरला. पण ऐकण्यापुरती इंग्रजी ही अर्धीच विद्या. उरलेली अर्धी बोलण्याची.

परवा चुलती म्हणाली, “बाबा, मला सुट्टी पायजे, हे विंग्रजीत कसं म्हणायचं रं?” मी धडा वरखाली चाळला. ते वाक्य त्यात नव्हतं. पगार नव्हता, हातमोजे नव्हते, ‘मी करणार नाही’ हे तर नव्हतंच. मी समासात लिहिलं : ‘आय वॉन्ट अ हॉलिडे.’ तिनं ते चारदा म्हणून पाहिलं. ‘आय’वर जोर देऊन.

तुम्हीही अशी दहा वाक्यं लिहून पाठवा. कर्ता ‘मी’ असू द्या. त्यांचाच धडा करून वस्तीवस्तीत वाटू.

जय भीम.