‘उत उनुम सिंत’ : एका प्रश्नाची तीस वर्षे

पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘उत उनुम सिंत’, म्हणजे ‘त्यांनी एक व्हावे’, हे विश्वपत्र २५ मे १९९५ रोजी प्रसृत झाले. विश्वपत्रांचा स्वभाव उत्तरे देण्याचा असतो. या पत्राच्या अखेरच्या भागात मात्र पेत्राचा वारसदार इतर ख्रिस्तसभांच्या प्रमुखांना आणि ईशज्ञानाच्या अभ्यासकांना प्रश्न विचारतो. आपल्या पदाच्या कार्यातील जे मूलभूत आहे ते न सोडता हे पद कोणत्या रीतीने चालवावे, की ज्यायोगे ते सर्वांना प्रेमाची सेवा म्हणून ओळखता येईल, याचा शोध आपण मिळून घेऊ या, असे तो सुचवतो. ज्या पदावरून सर्वाधिक वाद झाला, त्याच पदाने हा विषय चर्चेला खुला करावा, ही घटना लहान नाही. तीस वर्षांनंतर ते पत्र पुन्हा वाचताना त्याचे बळ कुठे आहे आणि उणीव कुठे आहे, हे अधिक स्पष्ट दिसते.

आपल्याकडे ‘ऑर्थोडॉक्स’ म्हटले की केरळमधील मलंकरा ऑर्थोडॉक्स बांधव डोळ्यांसमोर येतात. ते ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेनंतर वेगळ्या राहिलेल्या परंपरेतले. प्रस्तुत विवेचन आहे ते कॉन्स्टँटिनोपल, ग्रीस, रशिया, रुमानिया इत्यादी ख्रिस्तसभांविषयी.

पत्राचे पहिले बळ त्याच्या सुरात आहे. पौर्वात्य परंपरेविषयी लिहिताना हा स्लाव पोप परक्या घराचे वर्णन करीत नाही. पूर्व आणि पश्चिम ही एकाच देहाची दोन फुप्फुसे, ही त्यांची आवडती प्रतिमा येथेही येते. आपल्या पदाशी इतरांच्या दुःखद आठवणी निगडित आहेत हे ते मान्य करतात आणि क्षमा मागतात. हा सूर पुढे कृतीतही उतरला. २००१ साली अथेन्समध्ये त्यांनी, लॅटिन सैनिकांनी १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले त्या पापाबद्दल खेद व्यक्त केला. २००४ साली संत ग्रेगरी नाझियान्झेन आणि संत योहान ख्रिसोस्तोम यांचे पवित्र अवशेष त्यांनी पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्या स्वाधीन केले.

सुरापलीकडे जाऊन मजकुराकडे पाहिले की अडचणी सुरू होतात. एकीचा नमुना म्हणून हे पत्र वारंवार पहिल्या सहस्रकाकडे बोट दाखवते. त्या काळात प्रवासाची दिशा सापडते, हे खरे. परंतु ते सहस्रक म्हणजे अखंड सौहार्दाचा काळ, असा समज वाचकाने करून घेतला तर तो इतिहासाला धरून होणार नाही. ४८४ ते ५१९ अशी पस्तीस वर्षे रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात सहभागिता नव्हती. नवव्या शतकात पॅट्रिआर्क फोतियस यांच्या प्रकरणी पुन्हा तेच झाले. माझ्या मते या काळाचे खरे मोल वेगळेच आहे : तेव्हाही भांडणे होत, पण ती मिटत. कशी मिटत, कोण मिटवीत, हे सांगणारे एखादे प्रकरण या पत्रात असायला हवे होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. प्रश्न विचारला गेला तो प्रमुखांना आणि पंडितांना. फ्लॉरेन्सची परिषद आठवावी. ६ जुलै १४३९ रोजी तेथे ऐक्याच्या निर्णयपत्रावर बहुतेक ग्रीक महागुरूंनी सह्या केल्या. एफेससचे मार्क यांनी नकार दिला. पवित्र आत्म्याचे निर्गमन, शुद्धिस्थान, पोपपद, सारे काही कागदावर सुटले होते. महागुरू स्वदेशी परतले तेव्हा प्रजेने ते ऐक्य झिडकारले. तिच्या लेखी मार्क हेच खरे साक्षीदार ठरले. कीव्हचे इसिदोर ते ऐक्य घेऊन मॉस्कोला गेले, तर तेथे त्यांना कैद झाली. तुर्की आक्रमणाच्या सावलीत केलेल्या त्या तडजोडीत सैनिकी मदतीची आशा मिसळली होती, हेही खरे. परंतु अपयशाचे मूळ कारण असे, की १२०४ ची आठवण ज्यांच्या घराघरांत जागी होती त्यांना कोणी विचारलेच नाही.

या दृष्टीने १९९३ चा बालामंद येथील संयुक्त आयोगाचा मजकूर मला पोपमहोदयांच्या पत्राहून अधिक धीट वाटतो. कम्युनिस्ट राजवटी कोसळल्यावर युक्रेन व रुमानियातील ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभा उघडपणे जगू लागल्या आणि मंदिरांच्या मालकीवरून कलह पेटले, त्या तापल्या वातावरणात तो लिहिला गेला. समोरच्या सभेचा एक तुकडा तोडून आपल्याशी जोडून घेणे हा ऐक्याचा मार्ग नव्हे, असे तो म्हणतो. त्याचबरोबर, ज्या पौर्वात्य कॅथलिक सभा आज आहेत त्यांना जगण्याचा पूर्ण हक्क आहे, असेही म्हणतो. ही दोन विधाने एकत्र पेलणे अवघड होते. दोन्ही बाजूंनी टीका झाली आणि २००० साली बाल्टिमोरची बैठक निष्फळ ठरून संवाद काही वर्षे थांबला. छळ सोसलेल्या ग्रीक कॅथलिकांना आपण ‘पद्धत’ या एका शब्दात गुंडाळले गेलो असे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

पुढे २००७ मध्ये राव्हेन्ना येथे, विश्वव्यापी पातळीवरही एक प्रथमस्थान असते आणि पहिल्या सहस्रकात ते रोमचे होते, हे उभयतांनी मान्य केले. मात्र त्या प्रथमस्थानाला कोणते अधिकार होते, हे तेथे अनिर्णित राहिले. मॉस्कोचे प्रतिनिधी तर एस्टोनियाच्या सभेच्या उपस्थितीवरून आधीच निघून गेले होते. २०२३ च्या अलेक्झांड्रिया येथील मजकुराने अखेर दुसऱ्या सहस्रकाला हात घातला. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेलाही तो टाळत नाही. वर एक माणूस आणि खाली सारे, असा मनोरा म्हणजे ख्रिस्तसभा नव्हे, आणि परस्परांवाचून अडत नसलेल्या सभांचा संघही नव्हे, ही त्याची भूमिका ‘उत उनुम सिंत’मधील प्रश्नाचे आजवरचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

परंतु ऐकणारे एकत्र आहेत काय? २०१६ च्या क्रीट येथील महापरिषदेला रशिया, बल्गेरिया, जॉर्जिया आणि अंत्युखिया या सभा गेल्या नाहीत. युक्रेनच्या प्रश्नावरून ऑक्टोबर २०१८ मध्ये मॉस्कोने कॉन्स्टँटिनोपलशी सहभागिता तोडली. १९९५ च्या पत्राने दोन बहिणींमधील संवाद कल्पिला होता. आज त्यातील एका बहिणीच्या घरातच अबोला आहे. ‘पहिला’ कोण आणि कशासाठी, हा आपण रोमसंबंधी ऐकत आलेला वाद तेथे वेगळ्या नावांनी चालू आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या धर्मग्रामांच्या दृष्टीने मला बोलावेसे वाटते ते आपल्या भाषेविषयी. ऑर्थोडॉक्स बांधवांविषयी आपण सहजच ‘फुटून गेलेले’ आणि ‘परत येतील’ असे शब्द वापरतो. ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप पॉल सहावे व पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ चे बहिष्कार स्मृतीतून पुसून टाकले. आपल्या बोलण्यातून ते पुसले गेलेले नाहीत. वस्तुतः १९८३ च्या धर्मविधी संहितेने या बांधवांना निराळे स्थान दिले आहे. ते स्वतःहून मागतील आणि योग्य तयारीत असतील, तर आपले धर्मगुरू त्यांना पापनिवेदन, ख्रिस्तशरीर व रुग्णाभ्यंग हे संस्कार देऊ शकतात. त्यांच्या मंदिरात धर्मगुरूच्या हस्ते लागलेले मिश्र लग्न, आवश्यक परवानगी नसली तरी, केवळ विधीच्या कारणाने अवैध ठरत नाही. मलंकरा ऑर्थोडॉक्स कुटुंबाशी सोयरीक जुळलेल्या मुंबईच्या घरांना ही माहिती उपयोगाची आहे. त्यांच्याकडून आपल्याला अशी मोकळीक सहसा मिळत नाही. सहभागिता पूर्ण झाल्यावाचून एका वेदीपाशी येऊ नये, ही त्यांची भूमिका आहे. तिला अहंकार म्हणणे अन्यायाचे होईल.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे आणि पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी इझ्निक येथे, म्हणजे प्राचीन नायसियात, त्या परिषदेच्या सतराशे वर्षांनिमित्त एकत्र प्रार्थना केली. ईस्टरच्या तारखेचा गुंता सोडवण्यासाठी याच परिषदेने नियम घालून दिला होता. २०२५ मध्ये योगायोगाने दोन्ही ईस्टर २० एप्रिलला आले. २०२६ चे आपले ईस्टर ५ एप्रिलचे आणि त्यांचे १२ एप्रिलचे.