'उंबरठा' : सुलभाला काय हवे होते?

जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा आणि स्मिता पाटीलची सुलभा. 'घर सोडणाऱ्या बाईची गोष्ट' अशी त्याची ओळख करून दिली जाते. मला मात्र ती मनासारखे काम शोधणाऱ्या बाईची गोष्ट वाटते.

सुलभाच्या सासरी बाईने घराबाहेर पडण्याला विरोध नाही. सासूबाई स्वतःच समाजकार्य करतात. हरकत आहे ती परगावच्या नोकरीला. सुलभा संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक होते, तेव्हा तिला लहान मुलीला मागे ठेवून तिथे राहावे लागते. हौसेचे काम घराला चालते. ज्यासाठी इतरांना आपली घडी बदलावी लागते, ते काम खुपते. पटेल-तेंडुलकरांनी हे नेमके टिपले आहे.

नोकरीही सुखाची नाही. आश्रमातल्या गैरप्रकारांना हात घालताच व्यवस्थापक मंडळ आडवे येते आणि सुलभाला राजीनामा द्यावा लागतो. तरीही तिला कामाची ओढ का, हे स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावर वाचता येते.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. ती परत येते तेव्हा नवऱ्याच्या, म्हणजे सुभाषच्या (गिरीश कर्नाड), आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. त्यामुळे सारा दोष त्याच्यावर टाकून प्रेक्षक मोकळा होतो आणि घरातल्या कामाच्या वाटणीचा मूळ प्रश्न मागे पडतो.

तो प्रश्न इथे अमेरिकेतही आपल्या घरांत आहे. नवऱ्याबरोबर आलेल्या कितीतरी उच्चशिक्षित स्त्रियांपुढचा उंबरठा व्हिसाचा होता. २०१५ पासून एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. पण मूल तापाने फणफणले की ऑफिसला सुट्टी कोणी टाकायची, हे कुठलाही परवाना ठरवत नाही. ते आपणच ठरवतो, आणि बहुतेकदा न बोलताच ठरलेले असते.

म्हणून 'उंबरठा' पुन्हा पाहावा, शक्यतो मोठ्या झालेल्या मुलामुलींना शेजारी बसवून. आणि नंतर एवढेच विचारावे : सुभाष एकनिष्ठ राहिला असता, तर सुलभाचे जाणे तुम्हाला पटले असते का? उत्तर आधी बाबांनी द्यावे.