‘खेळणे’ आणि ‘खेळविणे’

मराठीत ‘खेळणे’ ह्या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘खेळविणे’ असे होते. पहिल्यात कर्ता मूल असते. दुसऱ्यात कर्तृत्व इतरांकडे जाते. आई तान्ह्याला खेळविते, आणि कचेरीतला कारकून अर्जदारालाही खेळवितो. क्रीडोपचार व कलोपचार ह्यांवरील वाङ्मय तपासताना हा भेद हाताशी असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. क्वीअर मुले, तसेच स्वमग्न अथवा निराळ्या मनोघडणीची मुले ह्यांच्या बाबतीत तर तो निर्णायक होय. कारण ही मुले खेळू लागली की पाहणाऱ्यास प्रथम शंकाच येते.

रेकर्स व लोवास ह्यांचा १९७४ चा निबंध ह्या दृष्टीने वाचावा. समलैंगिकता हा मनोविकार नव्हे, असा निर्णय अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ च्या डिसेंबरातच घेतला होता. तरीही हा निबंध पाचएक वर्षांच्या एका मुलाच्या ‘बायकी’ वागणुकीवर इलाज सांगतो. क्रीडाकक्षात मुलांची व मुलींची म्हणून ठरविलेली खेळणी मांडलेली. मुलाने बाहुली घेतली की आईने दुर्लक्ष करावयाचे, बंदूक घेतली की कौतुक. घरी निळे व तांबडे बिल्ले. तांबड्यांची परिणती वडिलांच्या हातच्या मारातही होई. निबंधाची भाषा मोठी नीटस आहे. मुलाचे स्वतःचे म्हणणे मात्र त्यातील आलेखांत मावत नाही. तो मुलगा प्रौढपणी, २००३ मध्ये, आत्महत्येने गेला. त्या मृत्यूचे एकच एक कारण सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. पण कुटुंबीयांनी २०११ मध्ये ह्या उपचाराकडे जाहीरपणे बोट दाखविले, आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकाने २०२० मध्ये त्याविषयी चिंता नोंदविली. हेच लोवास स्वमग्न मुलांवरील वर्तनोपचाराचे अध्वर्यू होत. १९८७ च्या त्यांच्या निबंधात १९ मुलांना आठवड्यास ४० हून अधिक तास शिकविले जाते. साधारण बुद्ध्यंक व सर्वसामान्य शाळेतील पहिली इयत्ता ही तेथील यशाची कसोटी.

ह्याच्या उलट व्हर्जिनिया ॲक्सलाइन. १९४७ च्या ‘प्ले थेरपी’ ह्या ग्रंथात त्यांनी आठ तत्त्वे मांडली. मुलाच्या कृतीस वा बोलण्यास उपचारकाने दिशा देऊ नये, मूल वाट दाखवील व उपचारक मागून जाईल, हे त्यांतील एक. ‘डिब्ज’ (१९६४) ह्या पुस्तकात ते प्रत्यक्ष दिसते. डिब्ज पहिल्या तासाला एकेक वस्तू उचलतो आणि तिचे नाव प्रश्नार्थक सुरात उच्चारतो. बाई होकार देतात; शाबासकी देत नाहीत. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. त्या चढत्या सुरात वस्तूच्या नावाची पृच्छा नाही, समोरचे माणूस कसे आहे ह्याची आहे. आणि तिला उत्तर मिळते. स्वमग्न मुलांच्या पुनरुच्चारास पूर्वी निरर्थक मानीत. प्रिझंट व डुकन ह्यांनी १९८१ मध्ये त्यात सात प्रकारची प्रयोजने दाखविली. पोपटपंची थांबविण्याच्या भरात किती संभाषणे मोडली गेली असतील, कोण जाणे!

हल्लीच्या ‘स्वीकारशील’ उपचारकांविषयीही एक शंका मांडणे प्राप्त आहे. मुलाने पदर घेतला, कागदावर काळ्या रंगाचे फराटे ओढले, की टाळ्या वाजविणारा उपचारक रेकर्सहून दयाळू खचितच. पण व्याकरण तेच. कौतुकाची दिशा तेवढी बदलली, प्रयोजक रूप कायम राहिले. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्णयानंतर, २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लैंगिकता पालटविण्याचा उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविला. बळजबरीस त्यामुळे आळा बसावा. टाळ्यांची गोष्ट कायद्याच्या कक्षेत येत नाही.

असो. ॲक्सलाइनबाईंची कसोटीही शेवटी निसटतेच. मंदबुद्धी समजला गेलेला डिब्ज अखेरीस बुद्धिमापन चाचणीत १६८ गुणांक मिळवितो, आणि वाचक समाधानाचा निःश्वास टाकतो. संपूर्ण पुस्तकभर ज्या मुलास कोणतीही परीक्षा द्यावी लागली नाही, त्याला शेवटच्या पानांत ती द्यावी लागते. गुणांक ६८ आला असता तर हे पुस्तक लिहिले गेले असते काय, आणि आपण ते वाचले असते काय, ह्याचे उत्तर मजजवळ नाही.