अर्थशास्त्रास गणिताची जोड : मार्शलच्या एका सल्ल्याविषयी

आल्फ्रेड मार्शल १८६५ साली केंब्रिजच्या गणित-परीक्षेत दुसरा आला होता. तरीही ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ (१८९०) या ग्रंथात त्याने गणित तळटीपांत व परिशिष्टात ठेविले. १९०६ साली बाउलीस लिहिलेल्या पत्रात तर, गणित लघुलिपीपुरते वापरावे, विचार इंग्रजीत उतरवावा आणि समीकरणे जाळावीत, असे त्याने सुचविले. पदवीस गणित हा दुय्यम विषय घ्यावा की नाही, अशा विवंचनेत असलेले विद्यार्थी या पत्राचा आधार शोधतात. आमच्या मते तो आधार लटका आहे. जाळावयाची समीकरणे आधी मांडता यावी लागतात. मार्शलला ती येत होती.

सॅम्युएल्सनने १९४७ साली ‘फाउंडेशन्स’मध्ये हा दंडकच उलटा करावा असे म्हटले. त्याचा ग्रंथ वाचावयास कलन व रेषीय बीजगणित हवे. देब्रूच्या ‘थिअरी ऑफ व्हॅल्यू’ला (१९५९) तेवढ्याने भागत नाही, तेथे संच, बहिर्वक्रता व स्थिरबिंदू-प्रमेय लागते. सिद्धता न शिकविता केवळ विकलनाची उदाहरणे घोटून घेणारा दुय्यम अभ्यासक्रम (असे पुष्कळ आहेत!) या वाटेवर फारसा उपयोगी नाही.

उलटपक्षी, दांडेकर-रथ यांचा दारिद्र्यविषयक प्रबंध (१९७१) पाहावा. प्रतिदिनी २२५० उष्मांकांच्या निकषामागे अवघड गणित नाही. कस लागतो तो नमुना-पाहणीतील आकडे पारखण्यात. त्या वाटेने जाणाऱ्याने संख्याशास्त्र आधी घ्यावे, आणि गणितासाठी आर्थिक इतिहास तरी सोडू नये.