हळदीच्या कागदाची परीक्षा

हळदीचा कागद आपल्या शाळांत इतका मुरला आहे की त्याच्याकडे परीक्षकाच्या नजरेने कुणी पाहत नाही. विज्ञान प्रदर्शन असो, बालआनंद मेळावा असो की विज्ञान दिन असो, एका टेबलावर पिवळ्या पट्ट्या, लिंबू, साबणाचे पाणी आणि चुन्याची डबी हटकून मांडलेली दिसते. खर्च जवळपास नाही, रंग झटकन बदलतो आणि पाहुणेही खूष होतात. स्वयंपाकघरातल्या वस्तूंतून विज्ञान शिकवायचे म्हटले की पहिले नाव याच प्रयोगाचे निघते. म्हणूनच त्याची थोडी कडक तपासणी करायला हवी असे मला वाटते.

एनसीईआरटीचे सातवीचे जे विज्ञानाचे पुस्तक २००७ साली प्रथम निघाले, त्यात हा प्रयोग हस्तकलेच्या रूपाने आला होता. पांढऱ्या कागदावर हळदीचा लेप द्यायचा, तो वाळवायचा, कापसाच्या बोळ्याने साबणाच्या पाण्याचे फूल काढायचे आणि आईच्या वाढदिवसाला ते भेटकार्ड द्यायचे. कल्पना गोड आहे. आपल्याकडे तर ती घरातलीच म्हणावी लागेल. वरणाचा डाग पडलेला सदरा साबण लावताच लाल होतो आणि उन्हात वाळला की डाग फिका पडतो, हे धुणे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. त्या अनुभवाला पुस्तकात जागा मिळाली ही चांगलीच गोष्ट झाली.

पण कार्ड तयार झाले की प्रयोग संपतो, ही त्यातली उणीव. मुलाने खरी चौकशी सुरू करायची जागा तीच असते. एका मुलीचे फूल लाल उठते आणि शेजारच्या मुलाचे उठतच नाही, कारण त्याने घरून साबणाऐवजी शाम्पू आणलेला असतो. दोन-चार दिवसांनी पाहावे तर लाल फूल मळकट, फिके झालेले. कार्ड खिडकीत ठेवले असेल तर पिवळी जमीनही उडालेली. या तिन्ही गोष्टींमागे विज्ञान आहे. शाम्पू साधारण उदासीन असतो, अंगाचा किंवा धुण्याचा खरा साबण मात्र आम्लारीधर्मी. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुर्क्युमिन. तो आम्लारीच्या सहवासात फार काळ टिकत नाही आणि सूर्यप्रकाशात विघटित होतो. कार्यपुस्तिकांत मात्र बहुधा 'वाळवा' एवढाच शब्द असतो. आपल्या वऱ्हाडातले एप्रिलचे ऊन विचारात घेता 'सावलीत वाळवा' असे म्हणायला हवे. नाहीतर सकाळी रंगवलेला कागद संध्याकाळी फिका निघतो आणि बाई म्हणतात, हळद भेसळीची होती.

दुसरा दोष याहून मोठा आहे. हळदीच्या कागदाबरोबर मुलांना बहुतेक ठिकाणी तीन रकान्यांचा तक्ता दिला जातो: आम्ल, आम्लारी, उदासीन. हा तक्ता हळदीच्या कागदाने भरताच येत नाही. लिंबाच्या रसात कागद पिवळाच राहतो, चिंचेच्या कोळात पिवळा, ताकात पिवळा. साखरेच्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यातही पिवळाच. हळद फक्त आम्लारी दाखवते, बाकीच्यांना ती एकाच तराजूत घालते. तरीही मुलांच्या वह्यांत लिंबू 'आम्ल' आणि मीठ 'उदासीन' अशा नोंदी बिनचूक असतात. त्या कशा आल्या? पुस्तकातून. म्हणजे मुलाने कागद बुडवला एकीकडे आणि उत्तर लिहिले दुसरीकडे पाहून. सबंध इयत्ता असे करते, आणि प्रयोग 'यशस्वी' झाला असे आपण म्हणतो.

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या बाजूला एका शालेय प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. हळदीच्या कागदाच्या टेबलाशी सहावी-सातवीतला एक मुलगा उभा होता. पाठ केलेले भाषण त्याने एका दमात म्हटले. मी म्हटले, तुमच्या गावच्या पाण्यात बुडवून दाखव. बाटलीतले पाणी त्याच्या घरच्याच विहिरीचे होते. त्याने पट्टी बुडवली, बाहेर काढली, पुन्हा बुडवली. मग माझ्याकडे न पाहता मागे उभ्या असलेल्या शिक्षकांना म्हणाला, "सर, आमच्या हिरीचं पाणी तं खारं हाये, मंग कागद लाल काऊन नाही झाला?"

शिक्षक म्हणाले, "कागद खराब झाला असेल, दुसरा घे." दुसऱ्या कागदानेही तेच सांगितले. तिसरा घेईपर्यंत पाहुण्यांची फेरी पुढे गेली होती.

त्या दिवशी सबंध प्रदर्शनात मला एवढा एकच खरा प्रश्न ऐकू आला, आणि तो कागदावर ढकलला गेला. शिक्षकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. दोष थोडा आपल्या भाषेचा आहे. 'खार', 'खारट', 'क्षार' हे शब्द आपण एकमेकांत मिसळून वापरतो. मराठी शालेय परिभाषेत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ, जसे मीठ. हिंदी पुस्तकांत मात्र 'क्षार' हा शब्द आम्लारीसाठी येतो आणि मिठासारख्या पदार्थांना 'लवण' म्हणतात. विदर्भात हिंदी पुस्तके सहज पोहोचतात, प्रयोगांच्या पुस्तिका तर बऱ्याचदा हिंदीतूनच उतरवल्या जातात. शब्द तसाच उचलला की 'क्षारामुळे हळद लाल होते' असे वाक्य तयार होते. खारपाणपट्ट्यातल्या मुलाने ते वाचल्यावर विहिरीचे पाणी कागद लाल करील असे धरून चालावे, यात त्याचे काय चुकले?

आपला शेतकरी या बाबतीत अधिक काटेकोर आहे. विरघळणारे क्षार वर येऊन पांढरी झालेली जमीन त्याच्या लेखी खारवट. सोडियममुळे चिकट, घट्ट झालेली जमीन चोपण. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून चार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहिरीचे पाणी पिण्याला नकोसे, डाळ शिजायला वेळ लावणारे आणि साबणाला फेस न येऊ देणारे असते. पण त्यातले मीठ उदासीन असल्याने हळदीला ते दिसत नाही. एखाद्या विहिरीत सोडियम बायकार्बोनेट बरेच असेल तर पट्टीवर तांबूस छटा येईलही. दुसऱ्या विहिरीत येणार नाही. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हतेच. ते चार विहिरींचे पाणी आणून शोधण्यासारखे होते.

इथे अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांची आठवण होते. १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा काढून ते होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. मेळघाटापलीकडे, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांत हा कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांतून सुरू झाला आणि २००२ साली मध्य प्रदेश शासनाने तो बंद करेपर्यंत चालला. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून आकृत्या करायची गुप्तांची युक्ती तिथल्या दिवसांतली. टाकाऊ वस्तू वापरल्या म्हणून तिचे कौतुक फार झाले. मला तिच्यातले दुसरेच काही मोलाचे वाटते. मुलाने आगकाड्यांचा चौकोन केला की तो हातातल्या हातात तिरका होतो. त्रिकोण होत नाही. कुणी सांगावे लागत नाही, तक्ता भरावा लागत नाही. वस्तूच मुलाला 'नाही' म्हणते. त्या कार्यक्रमाच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोगांची उत्तरे छापलेली नसत, हेही त्याच धोरणाला धरून होते. उत्तर मागच्या पानावर नसले की मुलाला पट्टीकडेच पाहावे लागते.

हळदीच्या कागदाला अशी 'नाही' म्हणायची ताकद देता येईल का? माझ्या मते येईल, आणि त्यासाठी नवीन वस्तू फारशी लागत नाही.

पहिली गोष्ट, पिवळ्याबरोबर लाल कागदही करावा. धुण्याच्या सोड्याच्या अगदी फिक्या पाण्यात हळदीची पट्टी बुडवून सावलीत वाळवली की ती लाल होते. तिच्यावर लिंबाचा थेंब टाकला तर पिवळा ठिपका पडतो, मिठाच्या पाण्याचा टाकला तर पडत नाही. आता दोन्ही कागद मिळून तीन रकाने प्रामाणिकपणे भरता येतात. सोड्याचे पाणी दाट झाले तर एका थेंबाने काम भागत नाही, दोन-तीन लागतात. ही अडचण नव्हे, उलट संधी आहे. चमचाभर सोड्याच्या पाण्यात चिमूट हळद घालावी आणि ड्रॉपरने लिंबाचा रस टाकत रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजावेत. मग तेच सोड्याचे पाणी तेवढेच घेऊन ताकाचे, चिंचेच्या कोळाचे थेंब मोजावेत. वरुड-मोर्शीकडच्या शाळांनी संत्र्याचा रस घ्यावा, आंबिया बहाराचे कच्चे फळ आणि पिकलेले फळ वेगवेगळे. 'आंबट' या शब्दाला इथे आकडा मिळतो आणि तो आकडा मुलाने स्वतः काढलेला असतो.

दुसरी गोष्ट खाण्याच्या सोड्याची. त्याच्या थंड पाण्यात पट्टी नारिंगी-तांबूस होते. तेच पाणी दहा-पंधरा मिनिटे चांगले उकळून, गार करून पुन्हा पट्टी बुडवावी. आता रंग जास्त गडद लाल येतो. उकळताना बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अधिक तीव्र असा कार्बोनेट उरतो. थोडे पाणी उडून गेले म्हणून रंग गडद झाला, असा आक्षेप एखादी हुशार मुलगी घेईल. तेव्हा तितकेच पाणी पुन्हा घालून पाहायला तिलाच सांगावे.

'लाल म्हणजे आम्लारी' हा नियमही सैल सोडू नये. कॅरमच्या बोर्डावर टाकायची बोरिक पावडर हे बोरिक आम्ल असते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सान्निध्यात ते हळदीच्या कागदावर वाळले की कागद तांबडा-तपकिरी होतो. बोरॉन ओळखायची ही रसायनशाळेतली जुनी कसोटी आहे. वर्गात ती करण्याचा आग्रह नाही, शिक्षकाला माहीत असली म्हणजे पुरे. टाकणखार आणि लिंबाचा रस लावून हळदीचे कुंकू करण्याच्या जुन्या रीतीबद्दल मुलांनी विचारले तर ती उपयोगी पडते. कळीचा चुना आणि संडास धुण्याचे आम्ल मात्र मुलांच्या हाती देऊ नये. चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

आणि त्या मुलाच्या विहिरीचे काय? हळदीने तिचे उत्तर दिले नाही, तर हळद बाजूला ठेवावी. पावसाचे साठवलेले पाणी, नळाचे पाणी आणि विहिरीचे पाणी प्रत्येकी दोन चमचे मोजून तीन सारख्या स्टीलच्या ताटल्यांत ओतावे आणि उन्हात ठेवावे. इथे मात्र आपले ऊन कामाला येते. लिटरला तीन ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याच्या दहा मिलिलिटरमधून तीस मिलिग्रॅम उरतात. ताटलीत ते पांढरे कडे होऊन स्पष्ट दिसतात. पावसाच्या ताटलीत जवळजवळ काही नसते. मग ते पांढरे खरवडून दोन थेंब पावसाच्या पाण्यात कालवावे आणि त्यावर हळदीची पट्टी लावून पाहावी. फेसाची तुलना करायची असेल तर खरा साबण घ्यावा. डिटर्जंटची वडी किंवा पावडर घेतली तर खाऱ्या पाण्यातही फेस येतो आणि फरक लपतो.

हे सारे दोन तासिकांत बसत नाही, आठवडा लागतो. प्रदर्शनात मांडायला तीन ताटल्या आणि एक वही एवढेच उरते, पाहुणे तिथे फारसे थांबणार नाहीत. पट्ट्या आधी करून ठेवायच्या असतील तर त्या जुन्या जाड पुस्तकाच्या पानांत ठेवाव्यात. उजेड आणि ओल लागली नाही तर त्या बराच काळ चालतात.