व्यभिचार आणि दंडविधान

विवाहबाह्य संबंध निंद्य आहे कीं नाहीं, असें विचारलें असतां आमच्या बहुतेक वाचकांचें उत्तर एकच येईल. परंतु जें जें निंद्य तें तें दंड्य असावें काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याविषयीं शहाण्या माणसांतहि मतभेद आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं जोसेफ शाईन यांच्या अर्जावर एकमतानें निकाल देऊन भारतीय दंडसंहितेचें ४९७ वें कलम रद्द केलें. पुढें नोव्हेंबर २०२३ मध्यें संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनें हा गुन्हा स्त्रीपुरुष दोघांस सारखा लागू करून पुन्हा कायद्यांत आणावा, अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत हा गुन्हा नाहीं. तरीहि शिफारशीमागील भावना समाजांत जिवंत आहे. म्हणून निकालाचें आणि त्याच्यावरील आक्षेपांचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

या अपराधाच्या शिक्षेचा इतिहास पाहण्यास दूर जावयास नको. वसईजवळचें आगाशी गांवच घ्या. १५३४ च्या तहानें वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. त्यांच्या १६०३ च्या फिलिपी विधिसंग्रहांत पत्नीला परपुरुषासह पकडणाऱ्या नवऱ्यास दोघांचाहि जीव घेण्याची मुभा होती; मात्र नवरा सामान्य आणि जार खानदानी असला, तर जारास हात लावतां येत नसे! १७३९ मध्यें चिमाजीअप्पानें वसई घेतली व तेथें मराठ्यांचा अंमल बसला. पेशवाईच्या दप्तरांत या अपराधाचें नांव 'बदअंमल'. त्याबद्दल पुरुषाकडून दंड घेत, आणि कित्येक स्त्रियांना सरकारांत धरून कुणबिणी करीत. इंग्रजी राज्यांत १ जानेवारी १८६२ पासून दंडसंहिता लागू झाली, आणि जारास पांच वर्षांपर्यंत कैद व स्त्रीस कांहींच नाहीं, असा तिसरा न्याय त्याच आगाशीस आला. तिन्ही न्याय निरनिराळे. पण स्त्री ही नवऱ्याच्या ताब्यांतील वस्तु, ही कल्पना तिन्हींच्या मुळाशीं कमीअधिक दिसतेच.

विशेष हें कीं, मेकॉलेनें १८३७ च्या आपल्या मसुद्यांत हा गुन्हा घातलाच नव्हता. जेथें मुलींचीं लग्नें बालपणीं होतात आणि नवऱ्यास अनेक बायका करतां येतात, तेथें आधींच त्याच्याकडे झुकलेल्या तराजूंत फौजदारी कायद्याचें आणखी वजन टाकूं नये, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढील आयोगानें कलम घातलें, व स्त्रियांच्या याच स्थितीकडे पाहून स्त्रीस शिक्षेंतून वगळलें. पण ही दया मोठी विचित्र होती. नवऱ्याची संमति असली तर गुन्हा नाहीं. फिर्याद करण्याचा अधिकार नवऱ्याचाच. आणि नवऱ्यानें विधवेशीं किंवा अविवाहितेशीं संबंध ठेवला तर घरच्या पत्नीस दाद नाहीं!

युसुफ अब्दुल अझीझ यांच्या प्रकरणांत, १९५१ मध्यें, बायको ही नवऱ्याची मालमत्ता ही कल्पना या कलमाच्या मुळाशीं असूं शकेल, हें मुंबईचे मुख्य न्यायाधीश छगला यांनीं बोलून दाखविलें. तथापि कलम टिकलें, आणि १९५४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तें उचलून धरलें. १९८५ मध्यें सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीं, मोहांत पाडणारा पुरुषच असतो या रूढ समजुतीचा आधार घेऊन तें पुन्हा राखलें. २०१८ च्या पीठावर त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. त्यांनीं वडिलांचें मत त्याज्य ठरविलें. स्त्री ही कोणाची मालमत्ता नव्हे, हा या निकालाचा गाभा निर्विवाद आहे. मात्र स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांवर त्यांत जितकें लिहिलें आहे, तितकें फसविल्या गेलेल्या जोडीदाराच्या दुःखावर नाहीं, हा दोष आमच्या मतें लहान नव्हे.

आतां आक्षेपकांकडे वळूं. त्यांचें म्हणणें असें कीं, धाक गेला म्हणजे संसार मोडतील. पण १९५९ मध्यें मुंबईंत नाणावटी प्रकरण घडलें तेव्हां हें कलम जिवंत होतें. त्या नौदल अधिकाऱ्यानें फिर्याद केली नाहीं, पिस्तूल उचललें. ज्यूरीनें ८ विरुद्ध १ मतांनीं त्यास निर्दोष ठरविलें, १९६० मध्यें उच्च न्यायालयानें जन्मठेप दिली व १९६१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. कलमानें ना घर वांचविलें, ना हात आवरला.

दोघांसहि सारखी शिक्षा करावी, ही सूचना समतेची भासते. येथें तेंडुलकरांच्या १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचें स्मरण होतें. त्यांतील बेणारे अविवाहित, दामले विवाहित. म्हणजे ४९७ व्या कलमाप्रमाणें तेथें गुन्हाच नव्हता. तरी भोंवतालच्या मंडळींनीं खटला चालविला तो तिच्यावर. दामले रंगभूमीवर आलाच नाहीं. कायद्यानें सोडलेल्या स्त्रीस समाज असा धरतो, तर कायद्यानेंच तिला आरोपी केलें म्हणजे काय होईल? जिच्या हातीं पैसा नाहीं तिला वकील कोठला?

मग फसविल्या गेलेल्यांनीं काय करावें? त्यांचा मार्ग दिवाणी आहे, आणि तो हळूहळू रुंदावतहि आला आहे. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ पासून व्यभिचाराची एक घटनाहि घटस्फोटास पुरते. वसई-आगाशीकडील ख्रिस्ती स्त्रियांनाहि लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यांत नवऱ्यास पत्नीचा व्यभिचार दाखविणें पुरे होई, पत्नीस मात्र त्याला क्रौर्यासारख्या दुसऱ्या कारणाची जोड द्यावी लागे. हा पंक्तिप्रपंच २००१ मध्यें गेला. पण पोटगीच्या कलमांत, पूर्वीच्या १२५ व्या आणि आतांच्या १४४ व्या, व्यभिचारी जीवन जगणाऱ्या पत्नीचा हक्क आजहि बुडतो. तसल्याच नवऱ्याचें मात्र कांहींच बुडत नाहीं. मेकॉलेचा तो तराजू अद्याप समतोल झालेला नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, तुरुंगाचें दार पुन्हा उघडूं नये. विवाह हा विश्वासावर उभा असतो. तो विश्वास पोलिसांच्या पहाऱ्यांत वाढत नाहीं. जो मोडतो त्याला लाज वाटावी, हें समाजाचें काम. जी किंवा जो उघड्यावर पडतो त्याच्या पोटाची व मुलांची सोय लवकर व्हावी, हें न्यायालयाचें. पहिलें काम आपण फार उत्साहानें करतों, आणि तेंहि बहुधा स्त्रीपुरतेंच. दुसऱ्यासाठीं मात्र वर्षानुवर्षें तारखा पडत राहतात. समितीनें शिफारस करावयाचीच होती, तर ती या तारखांविषयीं करावयास हवी होती.