दूध सांडलं का?

जेम्स केनची ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ (१९३४) उमेळ्याला ओटीवर बसून एका दमात वाचली. पुस्तकात पोस्टमन औषधालाही नाही! फ्रँक नावाचा एक भटक्या खानावळवाल्याच्या बायकोवर भाळतो आणि दोघं मिळून नवऱ्याचा काटा काढायला निघतात. आपल्या अर्नाळकरांचा झुंजार वाचताना कुणाची बाजू घ्यायची, हे आधीच ठरलेलं. केन मात्र उपदेश करत नाही की दम घेऊ देत नाही. पहिला बेत मांजरापायी फसला, तेव्हा मी चक्क ओरडलो, “अरेरे! मेलं मांजर!”

“अहो, दूध सांडलं का?” आतून आवाज.

काय सांगणार? अर्ध्या तासात मी खुन्यांना सामील झालो होतो.